कडू झाकणारा चहा

फोन आला तेव्हा त्याच्या तोंडात चहा होता. चमचाभर चहा त्याने नुकताच सुर्रकन ओढला होता, तो जिभेवरून टाळूला लागून नाकामागच्या पोकळीत पोचला होता, आणि आता फक्त थुंकायचा राहिला होता. चाखायच्या खोलीत फोन घ्यायचा नाही हा नियम त्यानेच घातलेला. पण बायको अंथरुणाला खिळल्यापासून फोन खिशातच असायचा, मांडीला चिकटून बसलेल्या जिवासारखा. त्याने तो तसाच कानाला लावला. घराच्या कोपऱ्यावरचा औषधवाला होता. ‘काका, काल ताई गोळ्या न्यायला आल्या तेव्हा दुकानात गर्दी होती, सांगायचं राहूनच गेलं. डॉक्टरांनी ताकद वाढवलीय. आधीच्यापेक्षा चांगलीच जोराची आहे. काकूंना ती अख्खी गिळायला सांगा. चावायची नाही, मोडायची नाही, आणि कुटायची तर मुळीच नाही. तुम्हाला माहीत असेलच म्हणा.’ त्याने तोंडातला चहा गिळला. समोर पांढऱ्या पेल्यांची रांग होती, प्रत्येकामागे उलट्या झाकणावर ओली पत्ती काढून ठेवलेली, आणि रांगेच्या टोकाला पत्ती तोलून देणारा वजनवाला उभा होता. साहेब चहा गिळतात हे त्याने इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. तो बघतच राहिला.

‘का?’ एवढंच त्याने फोनवर विचारलं. ‘ती सावकाश सुटणारी गोळी आहे ना, काका. दिवसभर थोडं थोडं औषध सोडते. कुटली की दिवसभराचं सगळं एकदम अंगात उतरतं. मग माणूस झोपेला लागतो, आणि श्वासही झोपेला लागतो.’ ‘आणि चहा?’ ‘चहाचं काय?’ ‘चहानं काही फरक पडतो?’ औषधवाला हसला. ‘तुमचं आपलं सगळं चहावर येतं. चहाबरोबर गिळली तर हरकत नाही. कोणी म्हणतं, कडक चहा काही औषधं धरून ठेवतो. कोणी म्हणतं, चहाच्या तरतरीनं गुंगी झाकली जाते, म्हणून कळत नाही. छातीठोकपणे कोणी सांगत नाही. पण कुटलेली गोळी चहात पडली काय नि पाण्यात पडली काय, ती कुटलेलीच. काका? ऐकताय ना?’ तो ऐकत होता. सकाळची बशी त्याला दिसत होती. गोळी चमच्याच्या पाठीखाली दाबली तेव्हा ती टणकन उडून शेगडीखाली गेली होती, तो गुडघ्यावर बसून ती शोधत होता, आणि नवीन गोळी जुनीपेक्षा हट्टी आहे असं मनाशी म्हणत चक्क हसला होता. ‘ऐकतोय,’ तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. गोळी मी कुटली, हे त्या माणसाला सांगायला एक श्वास पुरला असता.

मग त्याने घरी फोन लावला. दिवसा बायकोपाशी त्याची थोरली बहीण बसायची. ‘अरे, तुला सांगणारच होते,’ ताईचा आवाज खुशीत होता. ‘काय गाढ झोपलीय बघ. चक्क घोरतेय.’ ‘तिला उठव.’ ‘वेड लागलंय का तुला? किती रात्रींनी डोळा लागलाय बिचारीचा.’ ‘ताई, उठव तिला.’ फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग दुरून हाका, आधी लाडाच्या, मग नुसत्याच, मग घाबऱ्या. ‘नीट उठत नाहीये रे. हूं म्हणते आणि परत जाते. ओठ जरा निळसर वाटले मघाशी, म्हटलं थंडी वाजत असेल, दुसरं पांघरूण घातलं.’ ‘तिला बसती कर. गाल थोपट. झोपू देऊ नकोस, बोलत राहा.’ ‘काय बोलू?’ ‘काहीही बोल. एरवी तुला विषय पुरत नाहीत.’ अशा वेळीही त्याच्या तोंडून टोमणाच गेला. रुग्णवाहिकेला फोन केला तर तिथल्या बाईने विचारलं, ‘पेशंटनं काही औषध घेतलंय?’ ‘दुखण्याची गोळी. रोजची.’ ‘जास्त घेतल्या का?’ ‘नाही. एकच.’ यातला एकही शब्द खोटा नव्हता. टॅक्सीत बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की खऱ्याच शब्दांची एवढी भक्कम भिंत आपण याआधी कधी बांधली नव्हती.

टॅक्सी सिग्नलला थांबली, पुढच्या सिग्नललाही थांबली. चालकाने आरशातून एकदा पाहिलं आणि नंतर पाहिलं नाही. खिडकीबाहेर एक बाई दुकानाची काच पुसत होती, वरून खाली, वरून खाली, आणि त्याला उगाच वाटलं की तिने हात थांबवला तर घरातला श्वासही थांबेल. जिभेवर मघाचा चहा अजून होता. साधा, मैदानी मळ्याचा, जरा भाजका. गिळलेल्या चहाची चव इतका वेळ मागे राहते हे तो विसरला होता. त्याचा धंदाच न गिळण्याचा. दिवसभर शेकडो घोट तोंडात घ्यायचे, त्यांची कुंडली मांडायची आणि चाकं लावलेल्या उंच पिंपात थुंकून टाकायचे. कांदा नाही, मसाला नाही, अत्तर नाही, साबणसुद्धा बिनवासाचा. कचेरीत त्याला मागून ‘जीभ’ म्हणत. आज जीभ रजेवर आहे, जीभ चिडलीय, जिभेला विचारा. लोक त्याला विचारायला येत. तो कोणाला विचारायला गेल्याचं त्याला स्वतःलाही आठवत नव्हतं. आणि बायको जन्मभर घरी जो चहा प्यायली तो भुकटीचा, खळखळून उकळलेला, साखरेने लडबडलेला, दुधाने पांढरा पडलेला. ‘हा चहा नाही, गुन्हा आहे,’ तो म्हणायचा. ‘मग पोलिसांत द्या,’ ती म्हणायची आणि त्याच्या तोंडावर भुरका मारून प्यायची. त्याने तिच्या हातचा चहा शेवटचा कधी घेतला होता? घरी तो कोमट पाणी प्यायचा. जीभ जपायची म्हणून. जिभेसाठी जपलेल्या त्या सगळ्या संध्याकाळी एकामागून एक, पाण्याच्या रिकाम्या पेल्यांसारख्या, आत्ता त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

मग दुखणं आलं. आधी पाठीत, मग हाडांतून हिंडत, नवीन भाडेकरू खोल्या बघत फिरतो तसं. डॉक्टरांनी कापायचं ते कापलं, जाळायचं ते जाळलं, आणि शेवटी हात पुसत गोळी लिहून दिली. ‘आता दुखू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात.’ पण गोळी घशातून उतरेना. गिळताना ती अडकायची, ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ओली, अर्धवट विरघळलेली गोळी हातात परत यायची. ताई म्हणाली, मुरंब्यात घालून दे. ताई म्हणाली, डॉक्टरांना विचार. आणि त्याच्यात काहीतरी ताठ झालं. चव हा त्याचा प्रांत होता. त्या संध्याकाळी त्याने गोळी बशीत दाबून बारीक केली, बोटाचं टोक त्या पुडीत बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. आधी काहीच नाही. मग जिभेच्या मुळाशी एक कडू रेघ, अरुंद पण लांब, घशात उतरून तिथेच बसणारी. त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याला आनंद झाला. किती दिवसांनी घरात असं काही सापडलं होतं जे त्याला समजत होतं. कडू लपवायचं तर गोड वापरून भागत नाही, गोडाखालून कडू वर येतंच. कडूच्या शेजारी त्याचाच भाऊबंद बसवायचा, जरा तुरट, भरदार अंगाचा, म्हणजे कोणता कोण ते जिभेला कळत नाही. कचेरीतून त्याने नमुन्याच्या पुड्या आणल्या. एक फिका पडला, एक उग्र झाला, आणि एक असा जुळला की पूड मिसळलेला पेला आणि न मिसळलेला पेला शेजारी ठेवले तर त्याला स्वतःला थांबावं लागलं. तो पेला घेऊन तो तिच्याकडे गेला, तिच्या मानेखाली हात घातला. ‘कसा झालाय?’ तिने घोट घेतला, डोळे मिटले, उघडले. ‘छान झालाय.’ लग्न झाल्यापासून त्याने तिला केलेला तो पहिला चहा होता.

आणि मग ते सकाळचे तास. देवानेही असं काही द्यावं आणि त्यातच हातोडा लपवावा. चहा घेतला की थोड्या वेळाने तिच्या कपाळावरची गाठ सुटायची, गाल जरा उमलायचे, ती बोलायला लागायची. लहानपणचं, बहिणीचं, लेकीच्या पहिल्या शाळेचं. तिचे वडील गाऊन निरूपण करणारे होते, गळा असा की दाराबाहेर थांबलेला माणूसही आत येऊन बसायचा. त्यांच्या ओळी ती पुटपुटायची, मधेच सूर धरायची. एका सकाळी म्हणाली, ‘बाबा काय सांगायचे माहितीय का? सगळ्या पदार्थांना चव आहे, एका अहंकाराला नाही. म्हणून माणूस तो पोटभर खातो आणि त्याला पत्ताच लागत नाही.’ म्हणाली आणि त्याच्याकडे बघून हसली. त्याला वाटलं, सासऱ्यांची आठवण काढून हसतेय. तो कामाला निघायचा तेव्हा त्याची पावलं हलकी असायची. कचेरीत वजनवाला म्हणायचा, ‘साहेब, काकूंना आराम दिसतोय.’ तो नुसती मान डोलवायचा, चांगल्या मळ्याच्या चहाला डोलवतो तशी. पण दुपार कलायच्या आत दुखणं परत यायचं, ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी, दार न वाजवता. ताई सांगायची, ती उशी चावत होती. मग डॉक्टर म्हणाले, ‘गोळी दिवसभर पुरत नाही, म्हणजे आजार पुढे सरकलाय. गोळ्या वेळेवर घेतात ना?’ ‘एकही चुकवत नाही,’ तो म्हणाला. डॉक्टरांनी ताकद वाढवली. तोही बरोबरच म्हणाला, डॉक्टरही बरोबरच म्हणाले, आणि त्या दोन बरोबर माणसांच्या मधे ती पलंगाची कड धरून पडली होती.

टॅक्सी उड्डाणपुलावर चढली. त्याला हे माहीत होतं. औषधवाल्याने सांगितलं ते नवीन नव्हतंच. नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात तो हेच शिकवायचा. अख्खं पान सावकाश देतं, पाणी बदला तरी देत राहतं. भुकटी पाण्यात पडताच सगळं ओकून मोकळी होते, रंग, कडूपणा, अंग, सगळं, आणि नंतर तिच्यात काही उरत नाही. पान जितकं फोडाल तितकी घाई. हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं, लोक ते त्याच्या आवाजात म्हणून दाखवायचे. आणि त्याच हाताने तो रोज सकाळी बशीत गोळी फोडत होता. त्याने चव तपासली होती. चवीपलीकडे गोळीला काही असेल हे त्याच्या जिभेला सुचलंच नाही. तो स्वतःला म्हणाला, चूक झाली. पण चूक हा शब्द तोंडात टिकेना. विचार, असं ताई म्हणाली होती. विचारलं असतं तर चहा त्याचा राहिला नसता.

घराखाली रुग्णवाहिका आधीच उभी होती. वरच्या खोलीत पडदे उघडलेले, ताई पलंगाच्या उशाशी, तिच्या हातात बायकोचं डोकं. रुग्णवाहिकेतून आलेली बाई भक्कम बांध्याची होती, तिने दंडाला पट्टा गुंडाळला होता आणि एका हाताने पापणी उचलून आत उजेड सोडत होती. तिचा जोडीदार तोंडावर हवेचा मुखवटा धरून उभा होता. श्वास यायचा, आणि मग इतका वेळ काहीच नसायचं की खोलीतला प्रत्येकजण आपला श्वास धरून बसायचा. ‘काय घेतलंय यांनी?’ बाईने मान न वळवता विचारलं. ताईने उत्तर दिलं. ‘रोजची गोळी. चहा. बस्स. मी समोरच होते.’ आणि मग, थोड्या अभिमानाने, ‘चहा हाच करतो. कोणाला हात लावू देत नाही.’ बाईने डॉक्टरांना फोन लावला, दारापाशी जाऊन हलक्या आवाजात बोलली, परत आली. तिच्या चेहऱ्यावर आता निराळीच नरमाई होती. ‘डॉक्टर म्हणतात, गोळी फक्त आजपासून वाढलीय, एकच घेतलीय, तर तिच्यामुळे असेल असं सांगता येत नाही. आजार या टप्प्याला आला की कधीकधी असंही होतं. माणूस झोपेत जातं. गोळीचा असर उलटवणारं इंजेक्शन माझ्याकडे आहे. दिलं तर कदाचित जाग्या होतील. पण दुखणं थांबवलेलं असेल तेही सगळं एकदम परत येईल, एका झटक्यात. शेवटच आला असेल तर तो असा का करायचा, असा प्रश्न आहे. घरच्यांनी सांगावं. पण लवकर सांगा.’

ताई रडू लागली. ‘नको रे,’ ती म्हणाली. ‘बघ कशी शांत आहे. देव नेतोय तर नेऊ दे तिला. किती सोसलं तिनं.’ त्याने पाहिलं. खरंच ती शांत होती. कपाळ गुळगुळीत, लग्नाच्या फोटोत होतं तसं. त्याने गप्प बसायचं, इतकंच होतं. काही करायला नको, खोटं बोलायला नको. ती न दुखता जाईल, ताई म्हणेल देवाने सोडवलं, डॉक्टर म्हणतील आजार पुढे सरकला होता, आणि तो सगळ्यांच्या मधे बसून मान डोलवेल. इतकं सोपं, इतकं मऊ, आणि वरून दयेसारखं दिसणारं. त्याला ते तोंडात आल्यासारखं वाटलं, गुळगुळीत, कुठे टोचत नाही असं, आणि क्षणभर तो ते घोळवत राहिला. हीच दया असेल का? असेलही. पण सकाळी पेला ओठांपासून बाजूला करत ती म्हणाली होती, ‘परवा लेक येतेय ना? उद्या माझे केस धुऊन द्या. अशी नको दिसायला मी.’ कोणी जाणारं माणूस केस धुवायचं म्हणत नाही. तिला देव नेत नव्हता. तिला तो नेत होता, बशी आणि चमच्याने, आणि वर देवाचं नाव द्यायला निघाला होता.

‘मी कुटून दिली,’ तो म्हणाला. कोणाला ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं. ‘गोळी. कुटून. चहातून देतो. रोज. आजची जोराची होती, तीही कुटली.’ ताईचं रडणं मधेच थांबलं. बाईने त्याच्याकडे पूर्ण वळून पाहिलं, तिच्या नजरेत राग नव्हता, घाई होती, आणि ती घाई त्याला रागाहून जड गेली. ‘मग बोलायचं ना हो आधी,’ ती म्हणाली आणि तिने इंजेक्शनची कुपी फोडली.

औषध आत गेलं. खोलीतले सगळे तिच्या छातीकडे बघत राहिले. मग एक श्वास आला, लगेच दुसरा, धडपडत, पायऱ्या चुकलेल्या माणसासारखा, आणि तिसऱ्याबरोबर दुखणं आलं. त्याने आजवर तिचं दुखणं चढताना पाहिलं होतं, एकेक हाड धरत. हे तसं नव्हतं. हे सगळ्या हाडांत एकदम पेटलं. तिचं अंग पलंगावर कमानीसारखं उचललं गेलं, बोटं ताईच्या मनगटात रुतली, तोंडातून जो आवाज निघाला त्यात शब्द नव्हता. डोळे उघडले आणि समोर तो दिसला. ती त्याच्याकडे बघतच राहिली. ‘मी,’ तो म्हणाला, ‘मी उठवलं तुला.’ याचा अर्थ तिला लागला की नाही कोण जाणे. जिना उतरताना प्रत्येक वळणावर तो स्ट्रेचरला पट्ट्यांनी बांधलेला आवाज त्याच्या पुढे पुढे जात होता, आणि शेजाऱ्यांची दारं एकेक करून किलकिली होत होती.

दवाखान्यात त्याला बाकावर बसवून ठेवलं. दुपार टळली. इंजेक्शनचा असर ओसरताच गुंगी परत येऊ शकते, म्हणून तिला यंत्राला जोडलं होतं. दुखणं आणि गुंगी यांच्यामधल्या अरुंद फळीवर दोन नर्सेस तिला धरून होत्या. ऊन कलल्यावर त्याला आत बोलावलं. ताई आधीच तिथे होती. त्याच्याकडे न बघता तिने सरकून जागा करून दिली. थोरली सिस्टर हातात छोटी बाटली घेऊन आली. ‘आता हे. थेंब आहेत. गालाच्या आत सोडायचे, गिळायची भानगडच नाही. अगदी थोडे, डॉक्टर सांगतील तसे वाढवायचे.’ मग तिने सहज विचारलं, ‘गोळी गिळता येत नाही म्हणून तुम्ही कोणाला सांगितलं नव्हतं?’ ‘नाही.’ ‘नुसतं सांगितलं असतंत तरी पहिल्याच दिवशी हे मिळालं असतं. नेहमीचंच आहे.’ ती हे टोचायला बोलली नव्हती. बाटलीचं झाकण फिरवताफिरवता बोलली होती. नेहमीचंच आहे. त्याला वाटलं, खोलीतल्या सगळ्या वस्तूंना हे माहीत होतं, पलंगाला, खुर्चीला, खिडकीच्या कडीला.

बायकोचा चेहरा घामाने भिजला होता. ती जागी होती. त्याने जवळ वाकून तिला सांगितलं, गोळीचं, चहाचं, सगळं, सारवासारव न करता. ती ऐकत होती, मधेच दुखण्याने तिचे डोळे मिटत होते तेव्हा तो थांबत होता. ‘माहीत होतं,’ ती म्हणाली. आवाज खरवडल्यासारखा. ‘गोळीचं?’ ‘चहात काहीतरी आहे ते. कडू लागायचा. रोजच.’ त्या जुळलेल्या पेल्यापुढे तो स्वतः थांबला होता. ‘मग प्यायलीस कशाला?’ तिने बराच वेळ श्वास गोळा केला. ‘तुम्ही विचारायचात ना. कसा झालाय म्हणून. उभ्या जन्मात काही विचारलं नव्हतंत.’ ताईने तोंड फिरवलं.

सिस्टरने बाटलीला लावायची नळी भरली. ‘घरी तुम्हालाच द्यावं लागणार,’ ती त्याला म्हणाली. ‘या, आत्ताच देऊन बघा, मी आहे.’ त्याने नळी घेतली. त्याचा हात स्थिर होता, चाखायच्या खोलीत असायचा तसा. तो वाकला. बायकोने त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि तिचे ओठ मिटले. घट्ट नाही, रागाने नाही. लहान मूल अनोळखी माणसापुढे मिटतं तसे. तो तसाच वाकून उभा राहिला. दुखण्याची एक लाट तिच्या अंगातून गेली, तिच्या तोंडून कण्हणं निघालं, तरी ओठ उघडले नाहीत.

‘तुम्ही नका,’ ती म्हणाली. ‘तुम्ही नुसते बसा.’

त्याने नळी सिस्टरच्या हातात दिली आणि खुर्ची ओढून बसला. बायकोने सिस्टरकडे तोंड केलं आणि ते उघडलं.